मुलांच्या वाट्याचे धुके

मुलांसाठी चित्रपट काढायचा, निवडायचा किंवा त्याला पैसा द्यायचा म्हटले की मोठ्या माणसांच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. यातून मुलांनी काय शिकायचे, आणि हे पाहून मुले घाबरणार तर नाहीत ना? शिक्षक हे प्रश्न विचारतात, पालक विचारतात, अनुदान देणारे अधिकारी विचारतात आणि अलीकडे वयोगट ठरवणारे कायदेही तेच विचारू लागले आहेत. या प्रश्नांमागची काळजी खरी आहे, याविषयी मला शंका नाही. पण या दोन प्रश्नांनाच मुलांच्या चित्रपटाचे माप मानले, तर मुलांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कलेतला सर्वांत मोलाचा भाग आपण दारातच अडवतो, असे माझे ठाम मत आहे. त्या मताच्या बाजूने मी १९७५ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या सरकारी स्टुडिओत तयार झालेला, जेमतेम दहा-साडेदहा मिनिटांचा एक अ‍ॅनिमेशनपट पुढे ठेवतो: युरी नॉर्स्टेन यांचा ‘योझिक व तुमाने’, म्हणजे ‘धुक्यातला योझिक’. योझिक हा हेजहॉग जातीचा, साळिंदरासारखे काटे अंगावर वागवणारा पण ओंजळीत मावेल एवढा प्राणी आहे.

चित्रपटाची गोष्ट सर्गेई कोझ्लोव यांची असून पटकथाही त्यांनीच लिहिली. रोज संध्याकाळी योझिक आपल्या मित्राकडे, अस्वलाच्या पिलाकडे जातो. दोघे ओंडक्यावर बसतात, चहा पितात आणि धुराड्याच्या अल्याडपल्याड दिसणारे तारे मोजतात. एका संध्याकाळी रासबेरीच्या मुरांब्याचे गाठोडे घेऊन निघालेल्या योझिकला टेकडीखाली धुके पसरलेले दिसते आणि त्या धुक्यात एक पांढरी घोडी उभी दिसते. ही घोडी झोपायला आडवी झाली तर धुक्यात गुदमरेल का, असा प्रश्न त्याला पडतो आणि धुक्याच्या आत काय आहे हे पाहायला तो टेकडी उतरू लागतो. पुढे तो वाट चुकतो, गाठोडे हरवतो, घाबरतो, एक कुत्रा ते गाठोडे त्याला आणून देतो, मग तो नदीत पडतो, पाण्यातला कोणीतरी त्याला पाठीवर घेऊन काठाला लावतो आणि अखेर तो मित्रापाशी पोहोचतो. घटना म्हणून सांगण्यासारखे यापलीकडे काही नाही.

या गोष्टीत खलनायक कोण, हे पाहू गेले तर पहिली अडचण येते. योझिकच्या मागोमाग सुरुवातीपासून एक घुबड चालत असते. योझिक डबक्यात उमटलेले तारे पाहतो, तर घुबडही डबक्याशी येऊन वाकते. योझिक विहिरीत तोंड घालून हाळी देतो आणि प्रतिध्वनी ऐकतो, तर त्याच्यामागून घुबडही विहिरीत घुमते. शिकारी पक्षी लहान प्राण्याच्या मागावर आहे, एवढे पाहणाऱ्या मुलाला कळते आणि त्याच्या पोटात गोळा येतो. पण त्याच वेळी हे घुबड योझिकची हुबेहूब नक्कल करत असल्यामुळे ते भुकेले आहे, एकटे आहे की नुसते कुतूहलाने मागे लागले आहे, याचा निर्णय होत नाही. धुक्यात ते अचानक समोर उगवते, घुमते आणि नाहीसे होते. योझिक त्याला वेडा म्हणतो आणि पुढे चालू लागतो. चित्रपट संपेपर्यंत घुबडाला शिक्षा होत नाही, त्याचा पराभव होत नाही, त्याचे मनपरिवर्तनही होत नाही. भीती एका शत्रूमध्ये गोळा करायची आणि शेवटी त्या शत्रूला हरवून भीतीचा निकाल लावायचा, ही बालचित्रपटांची रुळलेली रीत नॉर्स्टेन यांनी इथे पूर्ण बाजूला ठेवली आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरेपणा नेमका त्यातून आला आहे. मुलांच्या जगण्यातल्या बहुतेक भीतींना चेहरा नसतो. अंधारी खोली, गर्दीत सुटलेला हात, आई-बाबांचा बंद दाराआडचा आवाज यांत हरवण्याजोगा कोणी दुष्ट नसतो, आणि तरीही मुलाला त्यातून जावे लागते.

लहान मुले घाबरतात, कधीकधी रात्री दचकून उठतात, मग पालकांनी त्यांना मुद्दाम असे काही का दाखवावे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण भीती आणि भीती यांत फरक असतो, आणि तो फरक केल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकत नाही. कोणाला तरी मारताना, अपमानित करताना किंवा रक्तबंबाळ होताना पाहून बसणारा धसका मुलावर बाहेरून लादलेला असतो, आणि त्यापासून मुलांना दूर ठेवणे हे मोठ्यांचे कामच आहे. योझिकची भीती तशी नाही. त्याला कोणी धुक्यात ढकलत नाही. आधी त्याला एक प्रश्न पडतो, तोही स्वतःविषयी नसून दुसऱ्या एका प्राण्याविषयी पडतो, आणि त्या प्रश्नाच्या ओढीने तो आपल्या पायांनी धुक्यात उतरतो. आत गेल्यावर आपलाच पंजा आपल्याला दिसत नाही, हे त्याला आधी नवल वाटते. भीती मागून येते. कुतूहलाच्या पोटातच भीती असते, ज्याला काही जाणून घ्यायचे आहे त्याने ती पत्करलेली असते, हे दोन-तीन मिनिटांत, एकही उपदेशाचे वाक्य न उच्चारता दाखवणारा दुसरा बालचित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

ही भीती मुलाला पेलावी, यासाठी चित्रपटात किती बारीक काळजी घेतली आहे तेही पाहण्यासारखे आहे. चित्रे फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांची आहेत, छायाचित्रण अलेक्सांद्र झुकोव्स्की यांचे. कागदातून कापलेल्या आकृती आणि त्यांचे सुटे अवयव काचेच्या एकावर एक ठेवलेल्या थरांवर मांडून, वरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची, अशी ही पद्धत होती. धुके उभे करण्यासाठी दृश्यावर अतिशय पातळ कागद ठेवून तो चौकटीगणिक थोडाथोडा कॅमेऱ्याच्या दिशेने उचलत नेला जाई, त्यामुळे मागची आकृती हळूहळू विरघळत पांढरी होई. म्हणजे पडद्यावर दिसणारे धुके हाताने, सावकाश, एकेका चौकटीने घडलेले आहे, आणि म्हणून ते पाहणाऱ्यालाही सावकाश वेढते. दचकवणारे क्षण आहेत, पण मोजके. त्यांच्या अधेमधे गळून पडलेले पान आहे, पानाखालची गोगलगाय आहे, धुक्यातून पुन्हा पुन्हा वर येणारी घोडी आहे, एक काजवा आहे. अलेक्सेई बातालोव यांच्या शांत आवाजातले निवेदन मुलाचा हात शेवटपर्यंत सोडत नाही, आणि लांबून येणारी मित्राची हाक मुलाला आठवण देत राहते की कोणीतरी वाट पाहत आहे. मारिया विनोग्रादोवा यांनी योझिकला दिलेला आवाज रडवेला होत नाही. तो अडखळतो, थबकतो आणि पुन्हा चालू लागतो.

सर्वांत मोठी भीती नदीत आहे, आणि तिच्याशी योझिक जसा वागतो ते मला या चित्रपटाचे शिखर वाटते. तो पाण्यात पडतो, आणि नदीच आपल्याला वाहून नेवो असे ठरवून उताणा पडून राहतो. आपण पार भिजलो आहोत आणि लवकरच बुडणार आहोत, हे तो तक्रारीशिवाय मनाशी म्हणतो. मुलांसाठीच्या चित्रपटात मरणाचा एवढा सरळ उल्लेख, तोही इतक्या शांतपणे, आजच्या कोणत्या निवड समितीने राहू दिला असता? आणि तेवढ्यात पाण्यातला कोणीतरी, ज्याचे नाव चित्रपटात कधीच कळत नाही, न बोलता त्याला विचारतो की आपण कोण आणि इथे कसे आलात. योझिक उत्तर देतो, पाठीवर बसतो, काठावर उतरून आभार मानतो. इथेही मदत करणाऱ्याची ओळख पटवून देण्याची गरज दिग्दर्शकाला वाटलेली नाही.

आता शिकवणीच्या प्रश्नाकडे वळू. बोलणारे प्राणी मराठी वाचकाला नवे नाहीत. पंचतंत्रातले करटक-दमनक राजनीती बोलतात, कारण ते राजपुत्रांना व्यवहार शिकवण्यासाठीच रचले गेले होते. इसापनीतीतला कोल्हा द्राक्षांपाशी पोहोचतो तो गोष्टीखालच्या तात्पर्यासाठी. ही परंपरा थोर आहे आणि तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण तिच्यामुळे आपल्या मनात एक समीकरण घट्ट बसले आहे, की प्राणी बोलू लागला म्हणजे तो काहीतरी शिकवणारच. योझिकच्या जंगलात ज्यांच्याकडून काही शिकावे असे वाटते, ते बोलतच नाहीत. घोडी एक शब्द उच्चारत नाही, गाठोडे आणून देणारा कुत्रा बोलत नाही, नदीतल्याचा प्रश्न निःशब्द आहे. भरपूर बोलतो तो फक्त अस्वलाचा पिलू, आणि तोही उपदेश करत नाही. मी तुला हाका मारल्या, सामोवार म्हणजे चहाचे पाणी उकळण्याचे भांडे तापवून ठेवले, तारे मोजायला सोयीचे व्हावे म्हणून वेताची खुर्ची सरकवली, जुनिपर झुडपाच्या काटक्या आणल्या, आणि तू नसतास तर माझ्याबरोबर तारे कोणी मोजले असते, असे तो काळजीपोटी एका श्वासात बोलत सुटतो. योझिक ऐकतो, पुन्हा एकत्र आलो हे बरे झाले असे त्याला वाटते, आणि त्याच वेळी तो धुक्यातल्या घोडीचा विचार करत असतो. ती तिथे कशी असेल, या विचारावर चित्रपट थांबतो.

याचे तात्पर्य काढायचेच म्हटले तर वाट सोडून भटकू नये, असे निघेल, आणि ते या चित्रपटाच्या अगदी उलट असेल, कारण वाट सोडली म्हणूनच योझिकच्या मनात घोडीसाठी जागा झाली. मैत्रीचे महत्त्व, असे तात्पर्य काढले तरी अर्धा चित्रपट बाहेर राहतो. मित्राच्या उबेत बसूनही एखाद्याच्या मनात असे काही उरू शकते की जे त्या मित्रालाही सांगता येत नाही, हा अनुभव पाच-सहा वर्षांच्या मुलाला पूर्णपणे ठाऊक असतो. फक्त त्यासाठी त्याच्याकडे शब्द नसतात. चित्रपट त्याला शब्द देत नाही, पण तो अनुभव आपल्या एकट्याचा नाही एवढे कळवतो. शिकवणीपेक्षा हे देणे मोठे आहे, असे मला वाटते.

ज्या देशात हा चित्रपट घडला त्या देशाने पुढे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. मुलांच्या आरोग्याला व विकासाला बाधक ठरणाऱ्या माहितीपासून त्यांचे संरक्षण करणारा रशियन कायदा २०१० च्या डिसेंबरमध्ये झाला आणि १ सप्टेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यात ०+, ६+, १२+, १६+ आणि १८+ अशी चिन्हे ठरवून दिली आहेत आणि वयानुसार मर्यादित ठेवण्याच्या माहितीत मुलांमध्ये भीती, धास्ती किंवा घबराट निर्माण करणारी माहितीही मोडते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी क्वचित हिंसा चालेल, पण चांगल्याचा वाईटावर विजय झाला पाहिजे आणि बळी पडणाऱ्याविषयी सहानुभूती किंवा हिंसेचा निषेध व्यक्त झाला पाहिजे, अशी अट कायद्यातच लिहिली आहे. कायदा लागू झाला त्या वर्षी रशियात ‘नू, पगादी!’ या १९६९ पासून चालत आलेल्या लाडक्या मालिकेतला लांडगा सिगारेट ओढतो, म्हणून ती मुलांच्या वेळेत दाखवायची की नाही, यावर बराच गदारोळ झाला. विशेष सांस्कृतिक मोलाच्या कृतींना कायद्यात सूट आहे, त्यामुळे जुन्या चित्रपटांना धोका नाही, असे म्हणता येईल. पण सूट जुन्यांना मिळते. ती नव्यांना कोण देणार? ज्या दिग्दर्शकाला आज एखादे नवे धुके उभे करायचे आहे, त्याच्याकडे अजून सांस्कृतिक मोल जमा झालेले नसते आणि त्याच्या पटकथेवर चांगल्याच्या विजयाची अट पहिल्या दिवसापासून बसलेली असते.

भारतातही २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट पाडले. वयाची खूण पालकांना माहिती देते, तेवढ्यापुरते हे पाऊल मला योग्य वाटते. आपल्या मुलाचा स्वभाव पालकांनाच ठाऊक असतो, आणि चित्रपटात काय आहे हे आधी कळले तर ते निर्णय घेऊ शकतात. धोका सुरू होतो तो खूण ही निर्मितीची अट बनते तेव्हा, म्हणजे सर्वांत खालच्या गटात बसले नाही तर वाहिनी घेणार नाही, शाळा दाखवणार नाही, या भयाने लेखक स्वतःच भीतीचा प्रत्येक कण खरवडून काढू लागतो तेव्हा. कायद्याने काही कापलेले नसते, तरीही मुलांपर्यंत जे पोहोचते ते आधीच धुऊन-पुसून घेतलेले असते.

इथे एक रास्त शंका पुढे येते. सोविएत राजवट म्हणजे मोकळ्या कलेचा आदर्श होता की काय, आणि तिच्या स्टुडिओचे गोडवे का गायचे? ही शंका टाळून चालणार नाही. सोयुझमुल्तफिल्मची स्थापना १९३६ सालची. पटकथा सरकारी मंजुरीशिवाय पुढे सरकत नसे. याच स्टुडिओत १९६८ साली आंद्रेई ख्र्झानोव्स्की यांनी केलेला ‘काचेची हार्मोनिका’ हा अ‍ॅनिमेशनपट सरकारने दाबून टाकला आणि तो कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. खुद्द नॉर्स्टेन १९८१ पासून रशियन लेखक गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेवर चित्रपट करू लागले, काम फार संथ चालते म्हणून ऐंशीच्या दशकाच्या मध्यास त्यांना स्टुडिओ सोडावा लागला आणि तो चित्रपट आजही अपूर्ण आहे. म्हणजे त्या व्यवस्थेने ज्यांना घडवले त्यांनाच तिने चिरडले किंवा दूर सारले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी बाजारावर चालणाऱ्या व्यवस्थेकडे सहसा नसते. दहा मिनिटांच्या मुलांच्या चित्रपटाने तिकीट खिडकीवर आपला खर्च भरून काढावा, त्याच्या बाहुल्या आणि डबे विकले जावेत, ही अपेक्षा तिथे नव्हती. फर्निचर बनवण्याचे काम शिकलेला तरुण स्टुडिओच्याच अभ्यासक्रमातून अ‍ॅनिमेटर होतो, वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांवर काम करतो, मग ‘कोल्हीण आणि ससा’ आणि ‘बगळी आणि करकोचा’ असे स्वतःचे छोटे चित्रपट करत हात बसवतो आणि चौतिसाव्या वर्षी योझिकपाशी पोहोचतो, हा प्रवास पगार, काचा, कागद आणि वेळ देणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेशिवाय झाला नसता. सेन्सॉरशिप आणि सार्वजनिक पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या सोविएत काळात एकत्र नांदल्या म्हणून एकीला नाकारताना दुसरीलाही नाकारावे, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मला पैसा हवा आहे, वेळ हवा आहे, आणि मजकुरावर नजर ठेवणारा हात नको आहे. लोकशाहीत हे मागणे अवाजवी नाही.

अशा संथ, निरुत्तर चित्रपटांना मुले कंटाळतात, त्यांना वेग हवा असतो, हेही नेहमी ऐकू येते. योझिकने त्याला पुरेसे उत्तर दिले आहे. २००३ मध्ये टोकियोत जपानी आणि इतर देशांच्या अ‍ॅनिमेशनकारांच्या व समीक्षकांच्या मतांवरून निवडलेल्या १५० चित्रपटांच्या यादीत तो पहिला आला. तो तज्ज्ञांचा कौल म्हणून सोडून देऊ. पण २००९ साली कीव शहराच्या जुन्या भागात, रस्त्यांच्या कोपऱ्यावर गाठोडे घेतलेल्या योझिकचा लाकडी पुतळा बसला, तो लहानपणी हा चित्रपट पाहिलेल्यांच्या आठवणींच्या बळावर. तज्ज्ञांच्या यादीतून अशी माया निर्माण होत नाही.

महाराष्ट्राशी या सगळ्याचा संबंध दुरून येतो, पण येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॉस्कोत छापलेली, मराठीत अनुवादित झालेली सोविएत बालपुस्तके इथल्या अनेक घरांत होती आणि त्यांतल्या जंगलांनी, अस्वलांनी, सामोवारांनी एका पिढीची कल्पनाशक्ती पोसली. त्याच काळात आपल्याकडेही मुलांसाठी चित्रपट काढणारी एक सार्वजनिक संस्था काम करत होती. १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय बालचित्र समितीचे कार्यालय मुंबईत होते. २०२२ मध्ये ती फिल्म्स डिव्हिजनसह राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. विलीनीकरणाने प्रशासनाचा खर्च वाचत असेल, पण मुलांच्या चित्रपटांसाठी वेगळे असलेले घर मोडले, आणि आता मोठ्यांच्या चित्रपटांशी स्पर्धा करून त्यांना आपला वाटा मागावा लागणार, ही माझी चिंता आहे.

म्हणून मागणे असे आहे की महामंडळाने मुलांच्या लघु अ‍ॅनिमेशनपटांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी, ती एकेका मोठ्या चित्रपटावर न खर्चता अनेक छोट्या चित्रपटांवर खर्चावी, आणि अर्जाच्या नमुन्यातून संदेश काय आहे हा रकाना काढून टाकावा, जर तो तिथे असेल तर. ‘ओव्हरकोट’चा अनुभव पाहता अमर्याद वेळ कोणालाच देता येणार नाही, हे उघड आहे, पण दहा मिनिटांच्या चित्रपटाला दोन-तीन वर्षे देण्याचा धोका मोठा नसतो, आणि दहापैकी आठ चित्रपट साधारण निघाले तरी उरलेले दोन पन्नास वर्षे टिकू शकतात. शाळांत ग्रंथालये नाहीत, शिक्षक नाहीत, अशा स्थितीत हा खर्च चैनीचा आहे, असे कोणी म्हणेल. गरीब घरातल्या मुलाला वह्या-पुस्तके आधी मिळावीत, याबद्दल दुमत नाही. पण त्याला फक्त उपयोगाचेच द्यायचे, आणि ज्यात घाबरता येते, हरवता येते, उत्तर न मिळालेला प्रश्न मनात ठेवून झोपी जाता येते ते पैसेवाल्यांच्या मुलांसाठी राखायचे, ही वाटणी मला मान्य नाही. सार्वजनिक पैशाने ती मोडायची असते.